आपापली चाल, सर्वांची वाट

रविवारची पहाट. पुण्याच्या स्वारगेट स्थानकावरून सिंहगडाच्या पायथ्याकडे निघालेल्या बसमध्ये निरनिराळ्या वयांची आणि व्यवसायांची माणसे दाटीवाटीने बसलेली असतात. महाविद्यालयीन विद्यार्थी असतात, कचेरीतील कर्मचारी असतात, निवृत्त शिक्षक असतात, मुलांना सोबत घेऊन निघालेल्या गृहिणीही असतात. आतकरवाडीला उतरून सारे एकाच पायवाटेला लागतात. पहिल्या दहा मिनिटांतच ही रांग लांबत जाते. कोणी झपझप पुढे निघून जातो, कोणी झाडाच्या सावलीत क्षणभर थांबतो. तासाभरात वर पोहोचणारेही असतात आणि दोन-अडीच तास घेणारेही. वर गेल्यावर मात्र पिठले-भाकरी आणि मडक्यातील दही यांचा आस्वाद सारे सारख्याच समाधानाने घेतात. गड एकच, वाट एकच. चाल मात्र ज्याची त्याची.

डोंगरभ्रमंतीचा हा साधा प्रकार गेल्या काही दशकांत महाराष्ट्रात चांगलाच रुजला आहे. दोर आणि खिळे लावून कडे चढण्याचे प्रस्तरारोहण किंवा हिमालयातील मोहिमा यांहून तो वेगळा आहे. त्यासाठी विशेष प्रशिक्षण लागत नाही, स्पर्धा नसते, कोणाला विक्रमही करावयाचा नसतो. गावातील वा शहरातील एखादी गिरिभ्रमण संस्था सुटीच्या दिवशी एखाद्या गडाचा कार्यक्रम ठरविते आणि इच्छुकांनी आपापल्या चालीने त्यात सामील व्हावयाचे असते. मात्र आपापल्या चालीने चालणे म्हणजे ज्याने त्याने आपले पाहणे नव्हे. हा भेद ज्या संस्थेला उमगला, तिच्यासोबत निघालेला नवखा माणूस आनंदाने परततो. जिथे तो विसरला जातो, तिथे सहलीचे संकट व्हावयास वेळ लागत नाही.

एकत्र चालण्याची परंपरा

समूहाने, पण प्रत्येकाने आपल्या कुवतीप्रमाणे चालावयाचे, ही कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. आळंदी-देहूहून पंढरपूरपर्यंतचे सुमारे अडीचशे किलोमीटरचे अंतर वारकरी दरवर्षी पायी कापतात. त्यात तरुण असतात, तशीच सत्तरी ओलांडलेली माणसेही असतात. कोणाला किती वेगाने चालता येते, हे तिथे कोणी विचारीत नाही. परंतु दिंड्यांचा क्रम ठरलेला असतो, विसाव्याची आणि मुक्कामाची ठिकाणे ठरलेली असतात. ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखी सोहळ्यात मुक्कामी पोहोचल्यावर समाज आरती होते. चोपदाराने चोप उंचावताच सारे शांत होतात आणि हरवलेल्या-सापडलेल्या वस्तूंची माहिती दिली जाते. दिवसभर विखुरलेला समूह संध्याकाळी असा पुन्हा एक होतो. चाल मोकळी आणि शिस्त पक्की, असा हा मेळ आहे. डोंगरातील पदभ्रमणाला नेमका हाच मेळ साधावा लागतो.

आधुनिक काळात हे काम गिरिभ्रमण संस्थांनी केले. मुंबईत १९५४ मध्ये ‘गिरिविहार’ या संस्थेची स्थापना झाली. पुण्यातील ‘गिरिप्रेमी’ १९८२ पासून कार्यरत असून, तिच्या गिर्यारोहकांनी २०१२ मध्ये एव्हरेस्टचे शिखर गाठले. मुलुंडची ‘चक्रम हायकर्स’, युथ होस्टेल्स असोसिएशनच्या ठिकठिकाणच्या शाखा आणि जिल्ह्याजिल्ह्यांतील लहानमोठी मंडळे यांनी हजारो सामान्य नागरिकांना सह्याद्रीची ओळख करून दिली. गो. नी. दांडेकरांसारख्या लेखकाने गडकिल्ल्यांच्या वाटा आयुष्यभर तुडविल्या आणि वाचकांच्या मनातही त्यांची ओढ निर्माण केली. जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी भूप्रदेशातील बारा किल्ल्यांचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत झाला. त्यांपैकी अकरा किल्ले महाराष्ट्रात असून साल्हेर, शिवनेरी, लोहगड, राजगड, प्रतापगड, रायगड हे त्यांतील प्रमुख गिरिदुर्ग होत. या घटनेमुळे गडांकडे वळणारी पावले वाढतील हे उघड आहे. म्हणूनच ती पावले कशी पडावीत, याचा विचार अगत्याचा ठरतो.

चालीचे गणित

नवखा माणूस बहुधा ‘किती किलोमीटर चालावयाचे?’ असे विचारतो. डोंगरात हा प्रश्न अपुरा आहे. अंतराइतकाच, किंबहुना अधिक, महत्त्वाचा असतो तो चढ. स्कॉटलंडमधील विल्यम नेस्मिथ या गिर्यारोहकाने १८९२ मध्ये यासाठी एक सोपा आडाखा सांगितला. आजच्या मापांत तो असा मांडता येईल : दर पाच किलोमीटर चालीला एक तास आणि त्याखेरीज दर सहाशे मीटर चढाला आणखी एक तास.

दोन उदाहरणे घेतली म्हणजे याचा अर्थ स्पष्ट होतो. आतकरवाडीहून सिंहगडाची पायवाट जेमतेम पावणेतीन किलोमीटरची; सपाटीवर हे अंतर अर्ध्या तासाचे. परंतु या वाटेने सुमारे सहाशे मीटर चढून जावे लागते. म्हणजे आडाख्याप्रमाणे दीड तास लागावयास हवा. याउलट लोणावळ्याहून राजमाचीच्या पायथ्याशी असलेल्या उधेवाडीपर्यंतची वाट सुमारे पंधरा किलोमीटरची. पण ती बरीचशी सपाटीवरून जाते. तिथे तीन तासांहून थोडा अधिक वेळ पुरावा. सिंहगडाची वाट आखूड असली तरी छातीचा भाता हलविणारी आहे. राजमाचीची वाट लांब असली तरी दमाने चालणाऱ्याला मानवणारी आहे.

हा आडाखा सरावलेल्या माणसाचा आहे आणि त्यात विश्रांतीचा वेळ धरलेला नाही, हे मात्र विसरता कामा नये. नवख्यांच्या समूहासाठी त्यात निदान निम्म्याने भर घालणे शहाणपणाचे ठरते. चाल योग्य आहे की नाही हे ओळखण्याची खूणही सोपी आहे. चढताना शेजाऱ्याशी पुरते वाक्य बोलता आले पाहिजे. दोन शब्दांनंतर धाप लागत असेल तर वेग जास्त आहे असे समजावे. आरंभी जोरात चढून वरचेवर बसकण मारणाऱ्यापेक्षा संथ, पण अखंड चालणारा माणूस बहुधा कमी थकतो आणि फारसा मागेही राहत नाही.

शेवटच्या माणसाचा विसावा

प्रत्येकजण आपापल्या चालीने चालू लागला की समूह लांबतो. तो तुटू नये यासाठी जाणत्या संस्थांनी काही साधे नियम अनुभवातून घडविले आहेत. वाट माहीत असलेला एकजण आघाडीला असतो आणि त्याच्या पुढे कोणी जावयाचे नसते. तितकाच जाणता दुसरा माणूस पिछाडीला असतो आणि त्याच्या मागे कोणी राहावयाचे नसते. या दोघांच्या मधल्या अंतरात प्रत्येकाला मोकळीक असते. पिछाडीचे काम वरकरणी दुय्यम वाटते. वस्तुतः सर्वांत अनुभवी माणूस तिथेच हवा. दमलेला, पाय मुरगळलेला, घाबरलेला माणूस नेहमी मागेच राहतो.

दुसरा नियम फाट्यांचा. सह्याद्रीत गुरांच्या येण्याजाण्याने पडलेल्या ढोरवाटा असंख्य असतात आणि मुख्य पायवाटेहून त्या कित्येकदा अधिक ठसठशीत दिसतात. चुकामूक होते ती बहुधा अशाच ठिकाणी. म्हणून जिथे वाट फुटते तिथे पुढच्याने मागचा माणूस दिसेपर्यंत थांबावे आणि त्याला वाट दाखवून मगच पुढे जावे. निघताना, प्रत्येक विसाव्याच्या जागी आणि परतल्यावर माणसे मोजावीत. हे मोजणे कंटाळवाणे वाटले तरी चुकवू नये.

तिसरी गोष्ट विसाव्याची; आणि तिच्याकडेच सर्वाधिक दुर्लक्ष होते. पुढची मंडळी खिंडीत पोहोचतात, पाणी पितात, वीस मिनिटे सावलीत बसतात. तोवर शेवटचा माणूस घामाघूम होऊन तिथे येतो. तो येताच ‘आले सगळे, चला’ म्हणून पुढचे उठतात. ज्याला विश्रांतीची सर्वांत जास्त गरज, त्याच्याच वाट्याला ती येत नाही. दिवसभरात असे चार वेळा घडले की तो माणूस पार थकून जातो. उतारावर त्याचा पाय घसरतो किंवा पुन्हा या वाटेला यावयाचे नाही असा निश्चय करून तो घरी परततो. दोष त्याच्या चालीचा नसतो. समूहाच्या अविचाराचा असतो. यावर उपाय एकच आहे. विसाव्याची वेळ पहिल्याच्या आगमनापासून नव्हे, तर शेवटच्याच्या आगमनापासून मोजावी. तो बसला, पाणी प्याला, त्याचा श्वास खाली आला म्हणजे मग आघाडीने उठावे. एखादी संस्था कशी आहे हे पारखावयाचे असेल, तर तिने सर केलेल्या शिखरांची यादी पाहण्यापेक्षा खिंडीतील हा प्रसंग पाहावा.

परतीची वेळही शेवटच्या माणसावरूनच ठरते. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. सर्वांत मंद चालणाऱ्याला उतरावयास दोन तास लागणार असतील आणि अडीअडचणीसाठी एक तास हाताशी ठेवावयाचा असेल, तर तीन वाजता गडावरून निघालेच पाहिजे, मग बालेकिल्ला पाहून झालेला असो वा नसो. गड पुढच्या वेळीही तिथेच असतो. अर्ध्या वाटेवर एखाद्याला परतावेसे वाटले तर त्यात कमीपणा मानू नये. मात्र त्याला एकट्याने धाडू नये. सोबतीला वाट माहीत असलेला माणूस द्यावा.

प्रथमच निघताना

संस्थेसोबत प्रथमच जाणाऱ्याने काही गोष्टी आधी विचारून घ्याव्यात. नेता या वाटेने पूर्वी गेला आहे काय? पिछाडीला कोण असेल? एकूण चढ किती आणि परतीची वेळ कोणती? प्रथमोपचाराची पेटी आणि ती वापरता येणारा माणूस सोबत आहे काय? या प्रश्नांची सरळ उत्तरे मिळत नसतील तर दुसरी संस्था पाहावी. राज्य शासनाने २०२१ मध्ये साहसी पर्यटन धोरण जाहीर केले असून, अशा उपक्रमांच्या आयोजकांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी आणि सुरक्षिततेचे निकष पाळावेत, अशी व्यवस्था त्यात आहे. शुल्क आकारून सहली नेणाऱ्या आयोजकाकडे नोंदणीची चौकशी करण्यात संकोच बाळगण्याचे कारण नाही.

प्रश्न विचारण्याचा हक्क जसा नवख्याला आहे, तसे त्याचे कर्तव्यही आहे. दमा, मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार यांपैकी काही असल्यास ते नेत्याला निघण्यापूर्वी सांगावे आणि आपली औषधे जवळ बाळगावीत. चाळिशी ओलांडलेल्यांनी पहिल्या कार्यक्रमापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घेणे बरे. तळव्याला चांगली पकड असलेले, आधी वापरून मऊ झालेले बूट घालावेत. कोरे बूट पहिल्याच दिवशी पायाला फोड आणतात. पाणी दोन ते तीन लिटर, दुपारच्या जेवणाखेरीज गूळ-शेंगदाणे वा चिक्की, टोपी, विजेरी आणि शिट्टी एवढे सामान पुरे. संकटात सापडल्यास एका मिनिटात सहा वेळा शिट्टी वाजवावी, मिनिटभर थांबावे आणि पुन्हा वाजवावी, हा गिर्यारोहकांचा जगभर मान्य असलेला संकेत आहे.

ऋतूही पाहिला पाहिजे. ऑक्टोबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ नवख्यांना सर्वांत अनुकूल. उन्हाळ्यात पहाटे निघून ऊन तापण्यापूर्वी उतरावे. पावसाळ्यात सह्याद्रीचे रूप मोहक असते. परंतु कातळ शेवाळतो, धुक्यात वाट दिसेनाशी होते आणि सकाळी घोटाभर पाण्यातून ओलांडलेला ओढा दुपारी कमरेइतका होऊ शकतो. फुगलेला ओढा ओलांडण्याचे धाडस करू नये. पाणी ओसरेपर्यंत अलीकडेच थांबावे. कड्यांवर आग्या मोहोळ असते. तिथे धूर करणे, आरडाओरड करणे किंवा उग्र अत्तर लावून जाणे म्हणजे संकटाला आमंत्रण देणे होय.

पायथ्याचे गाव

गडाची वाट पायथ्याच्या गावातून जाते, ही गोष्ट शहरातून येणारे पुष्कळदा विसरतात. उधेवाडीसारख्या गावात घरोघरी पाहुण्यांना भाकरी-भाजी मिळते आणि त्या कुटुंबांना चार पैसे मिळतात. कळसूबाईच्या पायथ्याचे बारी हे गाव राज्यातील सर्वोच्च, म्हणजे १,६४६ मीटर उंचीच्या शिखरावर जाणाऱ्यांचे नेहमीचे ठाणे झाले आहे. अशा गावांतील ग्रामपंचायतींना या भ्रमंतीतून उत्पन्न मिळू शकते. तसाच तिचा उपद्रवही होऊ शकतो. सिंहगडावर येणाऱ्या वाहनांकडून उपद्रव शुल्क घेण्याची पद्धत आहे. इतरत्रही ग्रामसभेने विचार करून पाण्याची सोय, स्वच्छतागृहे, फाट्यांवरील दिशादर्शक खुणा आणि वाहने उभी करण्याची जागा यांची व्यवस्था करावी. गावातील तरुणांना वाटाड्या म्हणून तयार करावे. येणाऱ्या गटांची नावे, संख्या आणि परतीची अपेक्षित वेळ एका वहीत नोंदवून घ्यावी. या वहीला खर्च जवळजवळ नाही. परंतु संध्याकाळी एखादा गट परतला नाही, तर शोध कोठून सुरू करावयाचा हे तीच वही सांगते.

संस्थांनीही आपला कचरा आपल्यासोबत परत न्यावा, शेतांतून जाताना बांध मोडू नयेत, विहिरी आणि टाकी घाण करू नयेत. जेवणाची ऑर्डर आधी कळवून शिधा गावातूनच घ्यावा. शिक्षकांनी विद्यार्थ्यांना गडावर नेताना एखाद्या जाणत्या संस्थेचे साहाय्य घेतल्यास इतिहासाचा आणि भूगोलाचा पाठ एकाच वेळी आणि सुरक्षितपणे होऊ शकेल. मुलांच्या सहलीत तर पिछाडीचा नियम अधिकच काटेकोरपणे पाळला पाहिजे. सर्वांत मागे राहणारे मूल मागे राहिल्याचे बहुधा बोलून दाखवीत नाही.

वाटा ओळखणारी माणसे

सुटीच्या दिवशीच्या या भ्रमंतीचा समाजाला आणखीही एक उपयोग आहे. जुलै २०१८ मध्ये आंबेनळी घाटात बस खोल दरीत कोसळली, तेव्हा महाबळेश्वर आणि परिसरातील ट्रेकर दोर घेऊन दरीत उतरले. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यातील इरशाळवाडीवर दरड कोसळली. वाडीपर्यंत गाडीरस्ता नव्हता. यंत्रे वर नेता येत नव्हती. भर पावसात, निसरड्या पायवाटेने चढूनच मदत पोहोचवावी लागली. त्या वेळीही शासकीय पथकांच्या जोडीला परिसरातील गिरिभ्रमण संस्थांचे कार्यकर्ते होते. लोणावळ्याची ‘शिवदुर्ग मित्र’, खोपोलीची ‘यशवंती हायकर्स’ यांसारख्या संस्थांचे स्वयंसेवक डोंगरात अडकलेल्यांच्या मदतीसाठी वेळीअवेळी धावून जातात. तालुका प्रशासनाने आपल्या क्षेत्रातील अशा संस्थांची आणि माहीतगार ग्रामस्थांची यादी तयार ठेवल्यास, ११२ या क्रमांकावर आलेल्या हाकेला योग्य माणूस लवकर धाडता येईल.

ही माणसे एका दिवसात तयार होत नाहीत. तीही कधीतरी एखाद्या रविवारी कोणाच्या तरी मागून धापा टाकीत पहिला गड चढलेली असतात. त्या दिवशी कोणी त्यांच्यासाठी खिंडीत थांबलेले असते, पाण्याची बाटली पुढे केलेली असते, ‘सावकाश या, घाई नाही’ असे म्हटलेले असते. म्हणूनच ती दुसऱ्या रविवारी पुन्हा आली आणि पुढे स्वतः पिछाडी सांभाळू लागली. सह्याद्रीच्या वाटा अशाच माणसांच्या आधारावर खुल्या राहतात. नव्याने निघणाऱ्याने आपल्या चालीची लाज बाळगू नये आणि पुढे पोहोचलेल्याने मागे वळून पाहण्यास विसरू नये, एवढे पथ्य पाळले तर गडावर सारे पोहोचतील आणि, त्याहून महत्त्वाचे म्हणजे, सारे घरी परततील.